गवतासकट

भाऊ बादली घेऊन फाटकातून आत आला, तेव्हा ताई खिडकीत बसली होती. बादलीतून डोकावणारं ते इवलंसं जांभळं फूल ओळखायला तिला चष्मासुद्धा लागला नाही.

"हे कुणाला विचारून उपटलंस?"

"उपटलं नाही, काढलं," भाऊ म्हणाला. "मातीसकट अलगद काढलं की त्याला उपटणं म्हणत नाहीत."

"मला व्याकरण शिकवू नकोस. शाळेत जायची तुझी पहिली चड्डी मी शिवलेली आहे."

भाऊने जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. नातेवाईक त्याला पाठीमागे काना-मात्रा म्हणत, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. लग्नपत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, त्याला आधी चूक दिसे, मजकूर मागाहून. स्वभावाने माणूस गरीब. पण गरीब स्वभावाची माणसं एखादी गोष्ट मनावर घेतात तेव्हा समोरच्याला पळता भुई थोडी होते, तशी सध्या ताईची गत झाली होती.

ती जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळातून भावाने तिला परस्पर स्वतःकडे आणलं. "थोडे दिवस," तो म्हणाला होता. त्या थोड्या दिवसांना शेपूट फुटत गेलं. तिच्या दोन खोल्यांतून त्याने "गरजेचं तेवढं" उचलून आणलं. शिवणाचं मशीन आणलं, पण चिंध्यांचं पोतं कचऱ्यात टाकलं. त्या पोत्यात तिने आयुष्यभर शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा तुकडा होता. "त्या चिंध्यांचं काय करणार होतीस?" असं त्याने विचारलं, तेव्हा तिला उत्तर सुचलं नव्हतं, आणि त्याचाच राग जास्त होता. महिनाअखेरीला तो तिच्या घराची किल्ली मालकाला परत करणार होता.

"तिथे तुला आहे कोण?" तो म्हणे. "ती समोरची बडबडी? सुटलीस म्हण."

समोरची म्हणजे जिन्यापलीकडच्या दारातली बाई. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, रेडिओच्या आवाजावरून, पायपुसण्यावरून ताईचं तिच्याशी रोज वाजायचं. घरातलं मीठ संपलं तर आधी तिच्याशी भांडायचं आणि मग वाटी पुढे करायची, अशी दोघींची पद्धत होती. इथे मीठ संपतच नसे. इथे सगळं वेळेवर येई, आणि कुणी आवाज चढवत नसे. त्या शांततेने ताईचं डोकं उठे.

आणि आता हे फूल. पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर दर वर्षी ते उगवे, फार नाही, मूठभर. खालच्या पाकळीवर पांढरी आडवी रेघ, धावदोऱ्याने घातल्यासारखी. म्हणून ताईने त्याचं नाव ठेवलं होतं टाका. खरं नाव शोधायला भाऊने तीन पुस्तकं चाळली, तिन्हींत तीन नावं निघाली, आणि तो प्रकाशकांवर आठवडाभर धुमसत राहिला.

"तुला टेकडी चढवत नाही, म्हणून टाकाच खाली आणला," तो आता वाफ्याशी बादली ठेवत म्हणाला. "खिडकीतून रोज दिसेल. निदान आता तरी घरी जायचं, घरी जायचं हे तुणतुणं बंद कर."

असं होय. ताईचे कान तापले.

"लाच आहे तर ही."

"लाच काय? प्रेमाने आणलं."

"प्रेमाने आणलंस ना? मग पैज लाव. हा इथे लागला, तर मी इथे राहीन आणि तोंडातून ब्र काढणार नाही. नाही लागला, तर किल्ली माझ्या हातात द्यायची आणि मला घरी सोडायचं."

"लागला हे ठरवायचं कशावरून?"

"नवी पानं फुटली की लागला. हवं तर शब्दकोशात बघ."

भावजय दारात ओले हात पुसत उभी होती. "लावा, पैजा लावा," ती म्हणाली. "वन्सं, मी कुणाच्याच बाजूने नाही, आधीच सांगते. शेवटी पाणी मलाच घालायचंय."

भाऊ कामाला लागला. त्याने स्टूल मांडलं, मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मातीचं ढेकूळ ठेवलं आणि खिशातून चिमटा काढला. टाक्याच्या भोवती टेकडीवरचं राठ, पिवळट गवत दाटलेलं होतं. ते त्याने एकेक काडी करून काढायला घेतलं. वरची पाती काढली, मग माती सैल करून आतली मुळं सोडवली. जिथे टाक्याचं मूळ कुठलं आणि गवताचं कुठलं हे कळेना, तिथे त्याने भिंग लावलं. जादा मजकूर खोडावा तसा तो खोडत गेला. शेवटी टाका एकटा उरला, स्वच्छ, धुतलेल्या मुळांचा.

ताई बघत होती. इतकी वर्षं ती टेकडीवर गेली होती. वाटेच्या कडेला, दगडात, मोकळ्या मातीत टाका तिला कधीच दिसला नव्हता. दिसला तो त्या राठ गवतातच. का, ते तिला ठाऊक नव्हतं, पण दिसत आलेलं नाकारता येत नाही. "अरे, गवत राहू दे," हे शब्द अगदी ओठांवर आले. मग तिला चिंध्यांचं पोतं आठवलं, आणि तिने ओठ घट्ट मिटले. काढ, तिने मनात म्हटलं. काढ एकेक. तुला सगळंच साफ लागतं ना.

पहिले काही दिवस टाका वाफ्यात ताठ होता. भाऊ रोज सकाळी खिडकीशी येऊन विजयी चेहऱ्याने उभा राही. "बघतेस ना?" ताई तोंड फिरवी. मग फूल गळलं. त्याच्या जागी बारीकसं बोंड धरलं, पण खालची पानं वळायला लागली, कडा काळ्या पडल्या. भाऊने आधी उन्हाला दोष दिला आणि वर छत्री बांधली. मग शेजारच्या मांजराला दोष दिला आणि कुंपणाला जाळी ठोकली. ताई तेही बघत होती. टाका वाळताना बघून आपल्याला बरं वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचाच इतका संताप आला की हातातला चहा तिने तसाच खिडकीवर ठेवून दिला.

त्या दुपारी भाऊ अंगणात ओरडला. तो ओरडत नसे, म्हणून ताई वॉकर धरून दचकून उभी राहिली.

"फरशीचं पाणी ओतलंस ना वाफ्यात? साबणाचं?"

"मी कशाला ओतू?" भावजय म्हणाली.

"तूच ओततेस. मोरी तुंबली की बागेत. किती वेळा सांगितलं. एक गोष्ट धड करता येत नाही तुला."

भावजयीने हातातली बादली जमिनीवर आपटली. "धड? तुमचे चष्मे शोधते, गोळ्या देते, बहिणीला अंघोळ घालते, ते काय अर्धवट करते? त्या फुलासाठी मला अंगणात उभं करून बोलता? घ्या तुमचं फूल आणि बसा भिंग लावून." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला, आणि हे तिला स्वतःलाच आवडलं नसावं, कारण ती ताडकन आत निघाली.

आता गप्प राहून ताईला पैज आयती जिंकता आली असती. पण हिच्या डोक्यावर पाय देऊन?

"थांब गं," ताई खिडकीतून म्हणाली. "हिने काही केलेलं नाही. तू केलंयस. गवत काढलंस ना तू त्याचं."

"गवताचा काय संबंध?"

"मला काय माहीत? पण गवताशिवाय तो मी कधी पाहिला नाही. जा, टेकडीवर जाऊन बघ. मग बायकोवर ओरड."

भाऊ खरंच गेला, त्याच पावली, चपला न बदलता. परत आला तेव्हा गुडघ्यांना माती होती. खिडकीशी येऊन त्याने ओंजळ उघडली. आत गवताचा झुपका होता आणि त्यात टाक्याचं एक तुटकं मूळ. ते मूळ गवताच्या मुळाला जागोजागी बारीक गाठींनी घट्ट चिकटलं होतं.

"पितं ते त्यातून," भाऊ हळू म्हणाला. "मी गाठी तोडल्या. चुका समजून." मग त्याने मान वर केली, आणि आता रागवायची पाळी त्याची होती. "तुला माहीत होतं. मी तोडत होतो आणि तू खिडकीत बसून बघत होतीस."

"होते."

"बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? फूल काढताना मला विचारलं नाहीस. पोतं टाकताना विचारलं नाहीस. मला इथे आणतानाही नाही. तुला नको ते सगळं खोडून टाकतोस, आणि उरलेल्याला म्हणतोस, जग."

भाऊ ओंजळीकडे बघत राहिला. ताईला जिंकल्याचा काही आनंद नव्हता. टाका मेला होता, आणि त्यात तिचा वाटा होता.

"तुझ्या पायांचं काय?" तो शेवटी म्हणाला. "पडलीस पुन्हा तर?"

"पडले तर समोरची बोंबलेल. सगळ्या गल्लीला कळेल. इथे पडले तर हिला फक्त धप्प ऐकू येईल, तेही मोरीचा नळ बंद असला तर."

आतून भावजय हसली असावी. निदान तसा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली. मशीन डिकीत, वॉकर पुढच्या सीटवर, आणि ताईच्या मांडीवर वाळका टाका, बोंडासकट. टाकीमागे टेकडीच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवायला लावली. भाऊ टाका घेऊन वर चढला. खालून ताईला तो वाकलेला दिसला, मग गवतात बसलेला, मग नुसतंच डोकं. बराच वेळ लागला. टॅक्सीवाला म्हणाला, "आजी, काय हरवलंय का त्यांचं?"

"अक्कल," ताई म्हणाली. "दोघांचीही."

भाऊ धापा टाकत परत आला आणि शेजारी बसला.

"बोंड गवतातच चुरलं. बी आहे त्यात, धुळीसारखं बारीक. लागेल की नाही, सांगता येत नाही."

"हात पुसू नकोस माझ्या पदराला." मग गाडी सुटल्यावर, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघायला तूच ये. मला चढवत नाही. आणि घरी गेल्यावर आधी बायकोची माफी माग. नीट, शुद्ध भाषेत."

भाऊने खिशातून किल्ली काढली. ती तिने त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. गाडी गल्लीत वळली तेव्हा वरच्या मजल्यावरून समोरचीचा आवाज आधीच खाली येत होता: दोरी अडवून गेलात ती गेलात, इतके दिवस होता कुठे.

ताईने काच खाली केली. "दोरी माझी आहे," ती ओरडली, आणि वॉकर मागितला.