वेगळ्या खिळ्यावरचा टॉवेल

चिऊच्या मांडीवरचं गळू काही केल्या बसेना. दोनदा औषध बदलून झालं, तरी सूज वाढतच होती आणि आता पोरीच्या अंगात तापही भरला होता. हे घरात आलं कुठून? आजींचा संशय थेट कामाला येणाऱ्या मावशींवर गेला.

"दहा घरची कामं करते ती! काय काय घेऊन येत असेल, देव जाणे."

"अहो आई, त्यांना साधी पुटकुळीसुद्धा नाही," सून म्हणाली.

"दिसत नाही म्हणजे नसतंच का? उगीच नाही मी तिचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर ठेवलाय!"

मावशी भांडी घासताना आजी त्यांच्या नखांकडे टक लावून बघत. त्यांनी चिऊचा गालगुच्चा घेतला, की आजींच्या कपाळाला आठ्या. शेवटी मावशींना कामावरून काढायचंच ठरलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. गळवातला पू तपासून आला होता.

"घरात अलीकडे कुणी हॉस्पिटलमध्ये राहून आलंय का?"

"आमचे हे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जखम अजून ओली आहे, पण पट्टी मीच बदलते हो! परक्याचा हात लागू देत नाही," आजी अभिमानाने म्हणाल्या.

"आणि नंतर हात?"

"लगेच पुसते की, न्हाणीतल्या टॉवेलला."

चिऊचं अंगही त्याच टॉवेलाने पुसलं जायचं. घरच्या माणसांत कसलं आलंय वेगळं, असा आजींचा नियमच होता!

"हॉस्पिटलमधले काही जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते माणसाबरोबर घरी येतात आणि हातांवरून, टॉवेलवरून पसरतात. अंगावर असून त्रास होत नाही, म्हणून कळतही नाही. चिऊला तसल्याच जंतूने धरलंय. आता सगळ्यांचीच तपासणी करू."

"मावशीची आधी करा!" आजी म्हणाल्या.

तपासणी झाली. तोच जंतू आजोबांच्या जखमेत निघाला आणि आजींच्या नाकातही! मावशी मात्र स्वच्छ होत्या. वेगळ्या खिळ्याने त्यांनाच वाचवलं होतं.

आजी आपल्याच हातांकडे बघू लागल्या. "माझ्याच हातांनी गं! पोरीला माझ्याच हातांनी दिलं!"

चिऊला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. योग्य औषध मिळालं आणि ताप उतरला. ती घरी आली, तेव्हा न्हाणीत प्रत्येकाच्या टॉवेलासाठी नवा खिळा होता. त्याच रांगेत मावशींचाही होता.

"माझं चुकलं गं बाई," आजी मावशींना म्हणाल्या आणि साबणाने हात धुऊन मगच त्यांनी नातीला उचललं.

मंडळी, आपण परक्याच्या हातांवर नजर ठेवतो आणि स्वतःचे हात विसरतो. जंतूला घरचा आणि परका कळत नाही. हॉस्पिटलमधून माणूस घरी आला की हात साबणाने धुवा, टॉवेल वेगळे ठेवा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सगळं सांगा. त्याने माया कमी होत नाही.