आवाळू राहू द्या

घणसोली गावात गोजराबाईंच्या उजव्या खांद्यावरचं आवाळू सगळ्यांच्या माहितीचं होतं. लिंबाएवढं, मऊ, बोटाने दाबलं की आत सरकणारं. वीस वर्षांत ते दुखलं नाही की वाढलं नाही. गावात गोजरा नावाच्या तिघीजणी होत्या, त्यामुळे घर विचारणाऱ्यांना ही खूण सोयीचीही पडायची.

१९८४ साली भाचीचं लग्न ठरलं. नव्या पोलक्याचं माप टेलरने दोनदा चुकवलं, तेव्हा आवाळू काढूनच टाकायचं असं गोजराबाईंनी ठरवलं.

मागच्या खोलीत वेणूबाई भाड्याने राहायची. ती परभणीकडची. नवरा जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात फिटर, आणि ती स्वतः तिथल्याच डॉक्टर सुमेधांच्या दवाखान्यात मदतनीस. दवाखान्यात काम करते म्हणजे अर्धी डॉक्टरच, असं गोजराबाईंचं मत. म्हणून त्यांनी तिला पाठ दाखवली.

"यो कापाया किती वेल लागंल?"

वेणूबाईने आवाळू पाहिलं. मग तिची नजर खाली गेली. पोलक्याच्या काठाशी चिंचोक्याएवढा काळपट, खरखरीत डाग होता. कडा वेड्यावाकड्या, आणि एका बाजूला सुकलेलं रक्त.

"मावशी, हे कधीपासून हाय?"

"तीळ हाय तो. पयल्यापासून हाय."

"असाच काळा होता?"

"आदी बदामी व्हता. उन्हानं काला झाला असंल."

पदराखाली ऊन कुठून पोचलं, हे वेणूबाईने विचारलं नाही. "आन् रक्त?"

"खाजतंय, मंग मी खाजवतंय."

गोजराबाईंचे यजमान कान्हा ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "घोऱ्याचा केस बांद. आपोआप गलून परंल."

"काका, याला बांधायला देठच नाही. आन् देठवाल्या चामखिळीलाबी तसलं काही करू नये."

कान्हांना हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाण्यात कुणाकडे घोडा आहे का, याची चौकशी सुरू केली. घोडा मिळायच्या आत वेणूबाई मावशींना दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी आवाळू दोन बोटांनी हलवून पाहिलं. "चरबीची गाठ आहे. दुखत नाही, कडक नाही, वाढत नाही. भराभर वाढायला लागली तर या. तोवर हे आवाळू राहू द्या."

गोजराबाईंना अपमान वाटला. वीस वर्षं सांभाळलेल्या गोष्टीला डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटंही दिली नव्हती. त्या पदर सारखा करून उठल्या. वेणूबाई दारातच उभी राहिली.

"मॅडम, खालचा डाग बघा."

डॉक्टरांनी भिंग घेतलं. या वेळी त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि प्रश्नही बरेच विचारले. रंग कधी बदलला, वाढला का, खाजवलं नाही तरी रक्त येतं का.

"वयाबरोबर येणारा साधाच डाग असेल बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण रंग बदललाय, वाढलाय, रक्त येतंय. अशा वेळी मी नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. काढून तपासायला पाठवू."

"आनि साधा नसंल तर?"

"तर वेळेवर आलात असं म्हणू."

ठाण्याच्या इस्पितळात तेवढ्या जागेपुरती भूल देऊन डाग काढला. चार टाके पडले. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते.

गोजराबाईंनी कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी कान्हांना चुलीपुढे बसवलं. "मी गेल्यावं उपाशी मरशील," म्हणाल्या, आणि तांदळाची भाकरी थापायला शिकवली. वयाच्या साठाव्या वर्षी कान्हा निमूटपणे शिकले. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या कोंबड्यांनी खाल्ल्या.

एका दुपारी गोजराबाई वेणूबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. आत तांदूळ निवडणं चाललं होतं.

"माजे आयशीच्या पायाला असाच काला डाग व्हता," त्या म्हणाल्या. "मी धा वरसांची. तिला कुनी दाखवलाच नाय. दोन वरसांत गेली. कशानं गेली त्ये पन कुनी सांगितला नाय."

वेणूबाईने सुपातले निम्मे तांदूळ त्यांच्यासमोर ओतले. दोघी निवडत बसल्या.

रिपोर्ट आला. डाग साधा होता, कॅन्सर नव्हता. गोजराबाईंनी डॉक्टरांकडून तो दोनदा वाचून घेतला. घरी पोचल्यावर त्यांनी कान्हांना एवढंच सांगितलं, "ऊठ, मी थापतंय." कान्हा परातीपुढून उठले, पीठ लागलेल्या हातानेच त्यांनी डोळे पुसले आणि डोळ्यांत पीठ गेलं म्हणाले.

मग गल्लीतल्या बायका गोजराबाईंकडे येऊ लागल्या. कुणाची मानेवरची चामखीळ, कुणाचा कानामागचा मस. गोजराबाई ओट्यावर बसून विचारायच्या, "वारतंय? रंग बदललाय? रगत येतंय? नाय? मंग जा घरी."

वेणूबाईने हे ऐकलं आणि त्यांना बाजूला घेतलं. "मावशी, जा म्हणून तुमी सांगू नका. दाखवून या म्हणा."

"मना कलतंय आता."

"मॅडमलाबी नुसतं बघून कळलं नव्हतं."

दोन दिवसांनी शेजारची पुतळा नाकावरचा फोड घेऊन आली. चार महिने बरा होत नव्हता, खपली धरायची आणि पुन्हा पडायची. गोजराबाईंनी पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता चपला घातल्या.

"कुठं?" पुतळाने विचारलं.

"पावन्याला. बस येल आता, चल."