एमेट ग्रोटहाउसचे पाय

एमेट ग्रोटहाउसचं नाव मी चिठ्ठीवर लिहिलं तेव्हा आमचा नॉर्बर्ट इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हटलं, हसू दे. धाकटा भाऊ आहे. छप्पन्न वर्षांचा झाला, अजून मी त्याला अक्कल यायची वाट बघतेय.

पैज बाबांनी लावली होती. बाबा एक्याण्णव वर्षांचे. ग्रीन बेच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममधली दोन जागांची सीझनची तिकिटं त्यांच्या तरुणपणापासून आमच्या घरात आहेत. आमच्याकडे लोक जमीन विकतील, पण ही तिकिटं नाही. आज तिकिटांच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं तर नंबर नातवाच्या वाटणीला येतो. आता बाबांना पायऱ्या चढवत नव्हत्या आणि तिकिटं कोणातरी एकाच्या नावावर करायची होती. ते म्हणाले, ज्याला खेळ जास्त कळतो त्याची. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये टीमा पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलतात, त्यात आपली टीम सगळ्यात आधी कोणाचं नाव घेईल ते ओळखायचं. एकेकाने एकच नाव. दोघांचंही चुकलं तर नॉर्बर्ट जातोय तसा जाऊ दे.

नॉर्बर्ट पन्नास वर्षं जातोय. मी एकदाही नाही. सामना रविवारी दुपारी बाराला आणि गाईंची धार चारला. गाईंना काय कळतोय रविवार? कोणीतरी घरी राहायला हवं होतं. ते कोणीतरी मीच, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण मला कोणी विचारलंही नाही. एकसष्ट वर्षांची झाले, आमच्या टीमचा एकूण एक सामना मी गोठ्यातल्या रेडिओवर ऐकलाय. ती तिकिटं मला हवी होती. पोटातून हवी होती.

नॉर्बर्टने तीन मासिकं आणून त्यांवर रंगीत पेन्सिलींनी खुणा केल्या होत्या. त्याने नाव दिलं डेव्हिन प्रूइटचं. चेंडू झेलणारा पोरगा, वाऱ्यासारखा पळतो, केस सोनेरी रंगवलेले. तिन्ही मासिकांत तोच.

माझी तऱ्हा वेगळी. बावीस वर्षं मी काउंटीच्या जत्रेत गाईंची परीक्षक आहे. गाय समोर आली की मी तिचं तोंड बघत नाही, अंगावरची चकाकीही बघत नाही. मागचे पाय बघते. तिला चालवते, वळवते, बसली असेल तर उठताना बघते. जिला उठायला कष्ट पडतात ती पाच वर्षं टिकत नाही. एमेटचे तीन सामने मी भाचीच्या संगणकावर बघितले. नेब्रास्कातलं आडगावचं कॉलेज, दीडशे किलोचा गडी, काम गार्डचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंत होऊन उभं राहायचं. हा पोरगा पडला की हात न टेकता उठतो. सामना संपत आला तरी त्याचे घोटे सुरुवातीला होते तसेच सरळ. आणि आमच्या टीमची भिंत गेल्या वर्षी नुसती चाळणी होती. आमचा फेकणारा सत्तेचाळीस वेळा आडवा झाला, मी गोठ्याच्या दारावर खडूने रेघा मारल्यात. अशा वेळी झेलणारा कोण घेतो? पण मासिकं वाचणाऱ्यांना हे कोण सांगणार.

ड्राफ्टच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी, आमच्या टीमने पहिल्या फेरीतली आपली पाळीच दुसऱ्या टीमला देऊन टाकली आणि त्या टीमने प्रूइटला उचललं. नॉर्बर्टचं तोंड पडलं. पण दोनच मिनिटं. मग म्हणाला, "माझं गेलं ते गेलं. तुझ्या गड्याचं तर मासिकांच्या यादीतही नाव नाही, रोझेला. दोघांचं चुकलं, संपलं."

मी म्हटलं, आपल्या टीमने अजून एकही नाव घेतलेलं नाही, उद्या शुक्रवार आहे, दुसरी फेरी आहे, आणि मला पहाटे उठायचंय.

शुक्रवारी आख्खं गाव तळलेला मासा खायला बारमध्ये जमतं. धार आटपून, आंघोळ करून मी पोचले तेव्हा बाबा ब्रँडी घेऊन टीव्हीसमोर बसले होते. शेजारी नॉर्बर्ट, मांडीवर मासिक. मासा आला, बटाट्याचे घावन आले. आमची पाळी आली. टीव्हीवर एक माणूस हातात कागद घेऊन माइकसमोर उभा राहिला. मला खात्री होती, पहिल्यापासून होती. पण खोटं कशाला बोलू, काटा खाली ठेवला आणि खुर्ची टीव्हीकडे ओढली.

त्याने वाचलं, एमेट ग्रोटहाउस, गार्ड.

सगळा बार एकमेकांना विचारायला लागला, हा कोण? बाबा मात्र टेबलावर थापा मारून हसत होते. मी रडले. भर बारमध्ये, हातरुमाल न शोधता, चांगली पोटभर रडले. बाबांनी कोटाच्या खिशातून स्टेडियमचा फॉर्म काढला, ब्रँडीचा ग्लास बाजूला सारला आणि माझं नाव सावकाश, एकेक अक्षर लिहिलं.

नॉर्बर्ट बराच वेळ मासिकाची पानं उलटत होता. एमेट कुठेच सापडला नाही तेव्हा त्याने मासिक मिटलं, घावनाचा तुकडा तोंडात टाकला आणि काही झालंच नाही अशा सुरात विचारलं, "बरं, पहिल्या सामन्याला आपण सकाळी किती वाजता निघायचं?"

"मी नऊला निघणार," मी म्हटलं. "तू आलास तर चारला धार कोण काढणार?"

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा ग्लासातली चेरी काढण्यात गुंतले होते.

मी माझ्या ताटातला माशाचा एक मोठा तुकडा त्याला वाढला. वाईट वाटलं मला त्याचं, नाही असं नाही.

"डावीकडून तिसरी लाथ मारते," मी म्हटलं, "आधी हात गरम करून घे. आणि रेडिओ खिडकीत ठेव, तिथेच नीट ऐकू येतं."