घरातलीच सामनेवाली

निवडणूक हरलेला माणूस घरात कसा वावरतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. दिंडोरीजवळच्या एका गावचे द्राक्षबागायतदार खंडेराव गामणे तसेच वावरत होते. ग्रामपंचायतीची जागा पाच मतांनी गेली आणि त्यांच्या बायकोला, लंकाबाईला, नऊ मतं पडली!

बायको नवऱ्याविरुद्ध उभी होती म्हणता? छे! आपला अर्ज बाद झालाच तर जागा घरात राहावी म्हणून खंडेरावांनीच तिचा डमी अर्ज भरला होता. सही कर म्हणाले, तिने केली. माघारीच्या दिवशी मात्र हे एकटेच कचेरीत गेले. "सही त्यांची लागेल, त्यांना घेऊन या," असं साहेबांनी सांगितलं तेव्हा वेळ संपत आली होती आणि लंकाबाई तिकडे बागेत होती. नाव राहिलं ते राहिलंच.

हरल्यावर खंडेरावांना कळलं, की निवडून आलेल्या उमेदवाराने सरकारी जागेवर पत्र्याचं शेड ठोकलंय. म्हणजे अतिक्रमणाच्या नियमाने तो मुळात उभाच राहू शकत नव्हता! त्यांनी तडक नाशिक गाठलं. लंकाबाईला चष्मा करायचा होता म्हणून तीही आली आणि गंगापूर रोडवरच्या वकील रोहिणीताईंच्या ऑफिसबाहेर बाकावर बसली.

"त्याची निवड रद्द करायची अन् मी निवडून आलो म्हणून जाहीर करायचं," खंडेरावांनी सांगितलं.

"मग रिंगणातला प्रत्येक उमेदवार सामनेवाला, म्हणजे प्रतिवादी, करावा लागेल. तुम्हा दोघांखेरीज कोण होतं?"

खंडेराव खुर्चीत चुळबुळले. "आमची मंडळीच. पन तिचं नाव नका घालू, मॅडम. बायकोला कोर्टात खेचलं म्हणून गाव हसंल! अन् ती तर डमी हाय, माघारीला मी एकटाच गेलो म्हणून नाव राहिलं. तिला काय विचारायचं?"

रोहिणीताईंनी पेन खाली ठेवलं. "काका, लोकांनी त्यांनाही मतं दिलीत. ज्याच्यावर निकालाचा परिणाम होणार, त्याला न बोलावता निकाल मागायचा नसतो. त्यांना वगळलंत, तर समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवेल आणि एवढी पक्की केस हातची जाईल. केस दाखल करायची मुदत परवा संपतेय. माघारीलाही त्यांना न घेताच गेलात. पुन्हा तेच करणार?"

त्यांनी लंकाबाईला आत बोलावलं. तिला पाहताच खंडेरावांचा तोल गेला. "हिच्या नऊ मतांनीच मला पाडलं!"

"त्यातलं एकबी माझं नाय," लंकाबाई शांतपणे म्हणाली. "मशीनवर माझं नाव दिसलं. इतकं झ्याक दिसत होतं, की लय वेळ बघत राहिले. पन बटण तुमचंच दाबलं."

"मग ती नऊ कुणाची?" खंडेरावांनी विचारलं.

"अंगणवाडीपाशी दिवा लागावा म्हणून ज्या बाया माझ्यासंगं पंचायतीत आल्या, त्यांनी दिली असतील मतं. मी मागितली नव्हती. तुम्ही मला डमी म्हणता, त्या नाय म्हणत. घाला माझं नाव. कोर्ट तरी मला विचारंल!"

खंडेरावांचे डोळे भरून आले. स्वतःचं नाव समोर असताना या बाईने आपल्याला मत दिलं, आणि आपण तिला साधं विचारलंही नाही! "मॅडम," ते म्हणाले, "घाला. पूर्ण नाव घाला."

तारखेला पुकारा झाला, "सामनेवाले क्रमांक दोन, लंकाबाई खंडेराव गामणे!"

"हाय! हाय मी!" नवा चष्मा सावरत लंकाबाई अशी ओरडली, की सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का?

"निकाल काय द्यायचा तो द्या, साहेब. पन पुढच्या खेपेला मी खरीखुरी उभी राहनार हाय. ह्यांच्या देखत सांगते!"

सगळ्यात मोठ्याने हसले ते खंडेराव. बाहेर आल्यावर त्यांनी निवडून आलेल्या प्रतिस्पर्ध्यासकट सगळ्यांना जिलेबी वाटली आणि जाहीर करून टाकलं, "पुढच्या खेपेला अर्ज हिचा, अन् डमी मी!"

वाचकहो, निकाल कोर्टातला असो की घरातला, तो ज्याच्या आयुष्याला लागणार आहे त्याला आधी बोलवा, त्याचं ऐका. घरात ज्यांच्याकडून आपण नुसती सही घेतो, त्यांनाही मत असतं. आज घरी गेल्यावर एकदा विचारून तर बघा!