कासिल्दाची सुई

ओदालिस आपल्या गावी, बानीला परतला तो भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना. मुद्दामच! उत्तेजक औषध घेतल्याचं तपासणीत सापडलं म्हणून व्यावसायिक बेसबॉलमधून हाकललेला माणूस, त्यानं तोंड दाखवावं तरी कुणाला? आता बंदी सरत आली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आणि मग मैदान. पण त्याआधी कासिल्दाच्या दारात जाणं भाग होतं.

कासिल्दा त्याची मादरीना, बाप्तिस्म्यातली धर्माची आई. अशक्तपणा असो नाहीतर अंगदुखी, अख्ख्या गल्लीला सुई तीच टोचायची. दुकानातून औषधाची बाटली आणा आणि दंड पुढे करा. आणि टीव्हीवर माफी मागताना ओदालिसनं एजंटानं पढवलेलं घडाघडा म्हटलं होतं: ‘आमच्या गल्लीतल्या एका बाईनं ताकदीची सुई टोचली, त्यात काय होतं मला ठाऊक नव्हतं.’ माफी कसली, हात झटकणं होतं ते! नाव घेतलं नाही म्हणे. बानीतले लोक काय दूधखुळे आहेत?

त्याला पाहताच म्हातारी रडायलाच लागली.

“माफ कर रे माझ्या राजा. डोळे अधू झालेत माझे. कुठली बाटली फोडली, देव जाणे. तेव्हापासून सुईला हात नाही लावला बघ.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं ओदालिसला. शिव्या खायच्या तयारीनं आला होता तो, आणि ही त्याचीच माफी मागत होती.

“मादरीना, तुझी सुई नव्हतीच ती. मीच घेतलं. फटका लांब जाईना म्हणून. जाणूनबुजून.”

तिनं डोळे पुसले. मग पायात चपला सरकवल्या.

“चल. हेच तिकडे बोल.”

कोपऱ्यावरच्या दुकानापुढे म्हातारा नेफ्ताली आणि मंडळी डॉमिनो खेळत बसली होती. एवढ्या कॅमेऱ्यांपुढे न अडखळलेला ओदालिस इथे शब्दाशब्दाला अडखळला. तरी बोलला, सगळं.

नेफ्तालीनं टेबलावर सोंगटी आपटली. “शाबास! म्हातारीची अब्रू वाचवायला खोटं बोलतोस. खाल्ल्या मिठाला जागलास रे!”

“खोटं नाही हो काका! खोटं ते तेव्हाचं होतं!”

“बरं बरं. आणि हे कुणी लिहून दिलं? एजंटानंच?”

सगळे खो खो हसले. ओदालिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाही वर सारत तो ओरडला, “मादरीना, टोच मला सुई! इथेच, सगळ्यांसमोर! माझी तपासणी आहे पुढच्या आठवड्यात. तुझ्या हातात खोट असती तर मी दंड पुढे केला असता?”

हसणं थांबलं.

कासिल्दानं त्याची बाही खाली ओढली.

“नाही बाबा. नेफ्तालीला टोचीन, अख्ख्या गल्लीला टोचीन. तुला नाही. उद्या पुन्हा काही सापडलं, तर तू कुणाकडे बोट दाखवशील, तुझा काय भरवसा?”

ती घराकडे वळली. नेफ्ताली डाव अर्धा टाकून उठला आणि लंगडत तिच्यामागे निघाला.

“दोन्या कासिल्दा, अहो बाई, जरा थांबा हो. कंबर धरलीये माझी. मी बाटली घेऊन येतो, टोचाल ना?”

ओदालिसकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.