कोंबडीचा ताप

उद्धवरावांनी चाकणच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली होती. वस्तू हातात आली की आधी मोजायची, मग तिच्याबद्दल बोलायचं, ही त्यांची रीत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. नवी फूटपट्टी आणली तरी ते ती जुनीशी लावून बघत. त्यामुळे सून वर्षालीने ऑनलाइन मागवलेला थर्मामीटर काळेवाडीच्या घरी आला, तेव्हा खोका कुणी उघडायचा हा प्रश्नच नव्हता.

आत पेनाएवढी लांब सुई होती, तिच्या डोक्यावर काडेपेटीएवढा पडदा आणि एक बटण. मांसात खुपसली की आतलं तापमान दाखवायची. किंमत साडेतीनशेच्या आत, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, तीन सेकंदांत अचूक.

"आमच्या कंपनीत असलं यंत्र पेटीत असायचं, आणि पेटीची किल्ली साहेबाकडे," उद्धवराव म्हणाले. "साडेतीनशेत अचूक म्हणजे किती अचूक, ते बघायला पाहिजे."

"कोंबडीला ताप आलाय काय, मोजायला?" त्यांची बायको सुभद्राबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, तशाच बोलल्या.

त्यांचा राग कशाचा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या रविवारी वर्षालीच्या ऑफिसातली माणसं पिंपळे सौदागरहून जेवायला आली होती. सुभद्राबाईंच्या तव्यावरच्या लेग पीसची गल्लीभर ख्याती. पण त्या दिवशी एका पाहुणीने हाडापर्यंत घास घेतला आणि हळूच तुकडा ताटाच्या कडेला सारला. आतून गुलाबी, कच्चा होता. बीडहून इथं आल्याला तीस वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं. त्या संध्याकाळी सुभद्राबाई जेवल्याच नाहीत. वर्षालीने यंत्र मागवलं ते त्यांना मदत म्हणून, पण त्यांना तो टोमणा वाटला.

उद्धवरावांनी तपासणी बर्फापासून सुरू केली. स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ, वर थोडं पाणी, चांगलं ढवळून सुई मधोमध धरली. आकडा सरसर उतरत शून्य पॉइंट तीनवर थांबला. तीन नाही, सात सेकंद लागले. पण थांबला तो बरोबर जागी.

"पास," ते म्हणाले.

मग पातेल्यात पाणी ठेवलं. खळखळून उकळी आल्यावर सुई धरली. अठ्ठ्याण्णव पॉइंट एक. गॅस मोठा केला, तरी तेवढंच. पातेलं बदललं, पाणी बदललं, तरी अठ्ठ्याण्णव पॉइंट एक.

"दोन डिग्रीनं खोटं बोलायलंय," त्यांनी वर्षालीला सांगितलं. "परत पाठवून दे."

वर्षालीने मोबाइल काढला तोच ते म्हणाले, "थांब जरा."

त्यांना काहीतरी खटकत होतं. बिघडलेलं यंत्र दर वेळी वेगळी थाप मारतं, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. हे तीनदा तेच सांगत होतं. शिवाय बर्फात बरोबर आणि उकळीत चूक, असं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई शर्टाच्या खिशात अडकवून ते बसने भोसरीला गेले. तिथं त्यांचे कंपनीतले जुने मित्र अर्जुनराव मोजमापाची यंत्रं तपासून देण्याचं छोटं दुकान चालवत. अर्जुनराव मूळचे गुहागरचे. त्यांनी सुई उलटसुलट करून पाहिली, हसले, आणि तेलाच्या टाकीत सोडली. टाकीचं तापमान त्यांच्या मोठ्या यंत्रावर बरोबर शंभर होतं. सुईच्या पडद्यावर आकडा चढत गेला आणि थांबला. नव्व्याण्णव पॉइंट नऊ.

"मग पाण्यात असं का करतंय?" उद्धवराव वाकून बघत राहिले.

"राव, यंत्र बरोबर आहे. तुम्ही धरलेलं पाणी चूक." अर्जुनरावांनी सुई पुसून परत दिली. "आमच्या गुहागरला समुद्राकाठी पाणी शंभराला उकळतं. आपण इथं साडेपाचशे मीटर वर राहतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. इथं अठ्ठ्याण्णवलाच."

"म्हणजे तीस वर्षं मी अठ्ठ्याण्णवचा चहा पितोय?"

"आणि बीडला असताना पण. ते काय समुद्राकाठी आहे होय?"

उद्धवराव मोठ्याने हसले. शाळेत पाठ केलेला शंभराचा आकडा त्यांनी कधी तपासलाच नव्हता. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात गेलं आणि रोज डोळ्यांसमोर उकळणारं पाणी तसंच राहून गेलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते टपऱ्यांवरची वाफाळती पातेली न्याहाळत आले. एखाद्या नव्या गावात उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं.

रविवारी दुपारी त्यांनी ओट्याशी खुर्ची ओढली. तव्यावर चार लेग पीस चरचरत होते.

"अगं, तू आधी सांग. झालं असं वाटलं की सांग, मग मी सुई लावतो. चौऱ्याहत्तरच्या वर गेलं म्हणजे शिजलं."

"माझी परीक्षा घ्यायलात काय?"

"तुझी नाही, ह्याची."

सुभद्राबाईंनी नाक मुरडलं, पण मनात त्यांनाही बघायचंच होतं. त्यांनी पहिल्या तुकड्यावर बोट दाबलं. "झालं."

उद्धवरावांनी सुई खुपसली. ऐंशी. मग जरा सुई मागे ओढली, तर सदुसष्ट.

"हाडाला टेकली की आकडा फसवतो," ते म्हणाले. "सगळ्यात जाड जागी, हाडापासून बोटभर लांब धरायला पाहिजे. बघ, तिथं अजून कच्चं आहे."

"असं कसं?" सुभद्राबाईंनी पुन्हा बोट दाबलं आणि तसंच ठेवलं. तेल चुरचुरत होतं, कडेने वाफ निघत होती, आणि बोट हलत नव्हतं.

उद्धवरावांची नजर पडद्यावरून बोटावर गेली. सत्तरच्या आसपासचं मांस आणि वर कडकडीत तेल. त्यांनी पटकन बायकोचा हात मागे ओढला. टोकाशी लालसर फोड यायला लागली होती.

"चटका नाही बसला?"

"सवय आहे मला."

"सुभद्रा."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दिवाळीपासून बोटांची टोकं मेल्यासारखी झालीत. दाबलं तरी नरम का कडक कळत नाही. विरजणाचं दूध कोमट आहे का ते पण कळत नाही. म्हातारपण असेल म्हणून नाही सांगितलं."

वर्षालीने दारातून ऐकलं होतं. तिने आधी गॅस बंद केला आणि सासूचं बोट नळाच्या धारेखाली धरलं. "आई, उद्या सकाळी रजा टाकते. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

तपासणीत साखर निघाली, आणि चांगलीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, बोटं बधिर झाली ती त्यामुळे, आणि आत्ता कळलं हे बरं झालं. गोळ्या सुरू झाल्या, रोज संध्याकाळचं चालणं सुरू झालं. बोटांत जाणीव परत येईल का, हे त्यांनी नक्की सांगितलं नाही.

सुई मात्र सुभद्राबाईंनी स्वतःच्या ताब्यात घेतली. पहिले दोन दिवस त्यांनी दिसेल त्यात ती बुडवली. वरणात, दुधात, उद्धवरावांच्या अंघोळीच्या बादलीत. त्रेचाळीसला विरजण लावलं की दही घट्ट लागतं, हे त्यांनी शोधून काढलं आणि खडूने डब्यावर लिहून ठेवलं. महिन्याभराने ऑफिसातली तीच माणसं पुन्हा जेवायला आली, तेव्हा त्यांनी पाहुण्यांसमोरच तुकड्यात सुई खुपसली, चष्मा सावरला आणि आकडा वाचला. "शहात्तर. घ्या आता."

पाहुणे गेल्यावर वर्षालीने मोबाइल पुढे केला. "बाबा, कंपनी अभिप्राय मागते आहे. किती स्टार देऊ?"

उद्धवरावांनी बराच वेळ विचार केला. "चार. लिही, आकडे बरोबर आहेत, पण तीन सेकंद लिहिलंय आणि लागतात सात. सुईचं टोपण ढिलं आहे. वाफेत पडदा धुरकट होतो. एक स्टार त्याचा कापला."

"फक्त एकच कापला?" सुभद्राबाई टेबल पुसता पुसता म्हणाल्या. "बटण किती बारीक आहे ते पण लिव्हा. मला सापडत नाही."

वर्षालीने तेही लिहिलं.