तीन वीसी अन् पाच

घाटंजीपलीकडच्या तांड्यातल्या शाळेत अर्पिता तीन वर्षांपासून शिकवत होती, पण तिचं डोकं इतकं कधी फिरलं नव्हतं. केंद्रप्रमुख पुंडलिकराव मुलांची तोंडी चाचणी घ्यायला आले होते आणि चौथीतल्या सोनूच्या नावापुढे त्यांनी लाल पेनाने फुली मारली होती.

प्रश्न साधा होता. एका ओळीत वीस झाडं, अशा तीन ओळी, आणि बांधावर पाच. एकूण किती? सोनूने क्षणात सांगितलं, "तीन वीसी अन् पाच."

"चुकलं," पुंडलिकराव म्हणाले. "पुढचा विद्यार्थी."

कसं चुकलं? तांड्यातली जुनी माणसं विसाविसानेच मोजतात. सोनूची आजी लालीबाई शेळ्या तशाच मोजते, आणि पोर तिच्या मांडीवर बसून मोजायला शिकली. हे कळायला अर्पिताला दोन वर्षं लागली होती. तोवर तिने एकसष्ट, बासष्ट घोकून घोकून पोरीचा जीव काढला आणि दोनदा तिचं नाव अप्रगत मुलांच्या यादीत गेलं. मग एका संध्याकाळी लालीबाईच्या अंगणात सोनू शेळ्या मोजताना दिसली, आणि अर्पिताची मोजणी अजून निम्म्यात असताना तिची मोजून झाली होती.

दुसऱ्या दिवशी अर्पिताने वर्गात चिंचोक्यांचे विसाविसाचे ढीग मांडले. चार दिवसांत सोनू भागाकार करायला लागली, आणि घरी जाताना अर्पिता गाडीवर एकटीच हसत होती. शिकवणं म्हणजे काय, हे तिला एकूण नोकरीच्या आठव्या वर्षी एका नऊ वर्षांच्या पोरीने शिकवलं होतं. त्या पोरीच्या नावापुढे आज ही फुली. तिचा बाप सुनील सांगून गेला होता, "मॅडम, तिसऱ्या बारीले यादीत नाव आलं तर शाळा बंद. शेळ्या राखन ते."

"सर, उत्तर बरोबर आहे," अर्पिता म्हणाली.

"फॉर्मात पासष्ट हाय."

"वीस त्रिक साठ आणि पाच. तिला लिहायला सांगा."

सोनूने न सांगताच उठून फळ्यावर ६५ लिहिलं. पुंडलिकरावांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "तोंडी परीक्षा हाय, मॅडम. लिहिलेलं कुठं भरू मी?"

पोरीला येतं, आणि ते भरायला रकाना नाही म्हणून ती घरी बसणार!

"मग तुम्ही सांगा, सर. चार वीसी अन् पंधरा म्हणजे किती?"

पुंडलिकराव चपापले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. "पंच्याऐंशी," ते म्हणाले.

वर्गात कोणी हसलं नाही. चुकणाऱ्याला हसायचं नाही, हा तिथला नियम होता. सोनूने चिंचोक्यांचा डबा उचलला, त्यांच्यासमोर बसली आणि ढीग करायला लागली. "घाई नका करू, सर. पहिले वीसीचे ढीग मोजा. पंधरा बाजूले राहू द्या." बोलण्याची ढब हुबेहूब अर्पिताची होती. अर्पिताला गहिवरून आलं, आणि संताप दुप्पट झाला.

"मले अजून दोन शाळा आहेत," म्हणत पुंडलिकरावांनी ढीग सरकवले आणि कागद पुढे केला. "सही करा."

अर्पिताने पेन घेतलं. फुलीच्या शेजारी ठळक अक्षरात लिहिलं, 'उत्तर बरोबर आहे. सोनूला गणित येतं,' आणि त्याखाली सही केली.

"याचा जाब द्यावा लागन तुम्हाले."

"देईन. आणि सुनीलभाऊंना आज मीच जाऊन सांगते की पोरगी पास आहे."

गाडीचा आवाज दूर गेला तरी सोनू दारातच उभी होती, चेहरा उतरलेला. अर्पिता तिच्याजवळ गेली. आता हिची समजूत कशी काढावी, याच विचारात ती होती.

"मॅडम," सोनू हळूच म्हणाली, "सरायचं नाव यादीत नका टाकू. त्यायले दोन दिवस शिकवलं का येते."